ढगाआडचं ऊन

आमच्या घरात गोरं कुणीच नव्हतं आणि आम्हाला त्याचं काही वाटतही नव्हतं. वाटायचं ते पाहुण्यांना. घोटावड्याच्या आमच्या पडवीत कुणी पत्रिका घेऊन आलं, की चहाची बशी तोंडाला लावता लावता माझ्याकडे बघून हळहळायचं, "पोरगी नाकीडोळी नीटस हाय, पन रंगात मार खाल्ला." आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "कुनी मारलं तिला? नाव सांगा, बघते मी." पाहुणा उरलेला चहा एका घोटात संपवायचा. तुझा हा तापट स्वभाव कुणावर गेलाय, असं मला सासरी अजून विचारतात. आता पन्नाशी उंबऱ्यावर आली तरी तो काही निवलेला नाही, आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

मी विशीत होते त्या वर्षांत घराची सकाळ अण्णांच्या पाळीवर ठरायची. अण्णा म्हणजे माझे वडील, पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात होते. रात्रपाळी करून ते सकाळी घरी यायचे, तेव्हा आईची भाकरी तव्यावर असायची. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर कच्चा कांदा. अण्णा जेवून झोपायचे आणि घरातली भांडी त्यानंतर हळू वाजायची. घरात कुठलाही वाद निघाला की ते म्हणायचे, "तुमचं तुमी बघा," आणि कूस बदलायचे. मी बारावी करून हिंजवडीकडच्या एका मेडिकल दुकानात लागले होते. सहा आसनी रिक्षात दहाजणांत कोंबून घेऊन जायचे. वाटेत दर महिन्याला प्लॉटिंगचा एखादा नवा फलक दिसायचा, आणि ज्या शेताच्या बांधावर तो उभा राही तिथे पुढच्या वर्षी भात दिसत नसे.

आईच्या अंगावर ते पहिल्यांदा उठलं ते राब भाजायच्या दिवसांत. रोपं टाकायची जागा आधी पालापाचोळा पसरून भाजून काढतात. ते काम भर उन्हाळ्याचं, त्यामुळे राखेनं आणि धगीनं झालं असेल असं सगळ्यांनी धरलं. गालांवर, मानेवर, कोपरापासून मनगटापर्यंत लाल पुरळ, त्यात पाण्याचे बारीक फोड आणि रात्रंदिवस खाज. पण मग पाऊस लागून खाचरांतली कामं सुरू झाली तेव्हा, लावणीच्या आधीच, ते दुपटीनं उठलं. पावसात, दिवसेंदिवस सूर्य दिसत नसताना. कुणी म्हणालं खताचं आहे, कुणी म्हणालं देवीचं. आमच्या आळीतल्या चंद्राआत्या, म्हणजे लावणीच्या बायकांच्या म्होरक्या, म्हणाल्या, "उष्णता झालीया तुला. सब्जा खा आन् गप ऱ्हा." सब्जा खाऊन काही झालं नाही. शेवटी मी आईला पुण्याला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "उन्हाची ॲलर्जी आहे. ऊन टाळायचं." आई म्हणाली, "डाक्टर, पावसात कुटलं आलंय ऊन?" त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

ऊन टाळायचं, हे सांगायला सोपं. आमच्याकडे लावणी सावडीवर चालायची. आळीतली आठ घरं. आज हिच्या भातखाचरात सगळ्याजणी, उद्या तिच्या. मजुरी नाही, हिशेब नाही, एकच कायदा. तू माझ्याकडे वाकलीस तर मी तुझ्याकडे वाकणार. जी एका पाळीला आली नाही, तिच्या खाचरात कुणी पाय ठेवत नसे, मग ती सख्खी जाऊ का असेना. आई घरात बसली तर आमचं ओढ्याकाठचं खाचर रिकामं राहणार होतं. आणि त्या खाचरावर माझ्या बाळूकाकांचा, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाचा, डोळा होता. जमीन दोघांच्या नावावर. काकांनी एका प्लॉटिंगवाल्याशी बोलणं लावलं होतं, फक्त अण्णांची सही हवी होती.

काका वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते मायेनं बोलायचे. पडवीत बसून सुपारी कातरत म्हणायचे, "वैनी, डाक्टर सांगतुया ऊन टाळा. मग कशापायी जिवाचे हाल करता? आता आराम करायचं वय हाय तुमचं." आईचं वय तेव्हा बेचाळीस. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा "तुमचं तुमी बघा" म्हटलं नाही. ते म्हणाले, "यंदा लावनी झाली तर ऱ्हाऊ दे. न्हाई झाली तर इकू." झालं, निकाल लागला. त्या दिवसापासून आईचं पुरळ हा आमच्या घरात जमिनीचा प्रश्न होऊन बसला.

मी दुकानात होते, पण क्रीमच्या काउंटरवर नव्हते. मालकांनी मला मागे सलाइनच्या खोक्यांपाशी ठेवलं होतं. "तू गोरेपणाची क्रीम विकायला लागलीस तर गिऱ्हाईक म्हणेल, हिलाच कुठं गुण आलाय," असं ते हसत हसत म्हणाले होते, आणि मीही तेव्हा हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. औषधं द्यायला वैशाली मॅडम होत्या. अमरावतीकडच्या, नवरा कंपनीत, स्वतः फार्मसी शिकलेल्या, आणि बोलायला एकदम सरळ. मी त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारलं, की ढगात ऊन कसं लागेल. त्या म्हणाल्या, "ढग असले म्हणून दुपारी अंधार पडतो का गं? उजेड येतो ना? मग त्याच्यासोबत बाकीचंही गाळून येतं. जे दिसत नाही आणि तापवत नाही, तेच हिला बाधत असेल." मग त्यांनी विचारलं, पुरळ नेमकं कुठे जास्त आहे. मी म्हटलं, हनुवटीच्या खाली आणि गळ्यावर. त्यांनी लगेच विचारलं, "वाकून काम करते का आई? पाण्यात?"

घरी जाऊन मी पाण्यानं भरलेल्या खाचरात उतरले आणि आईसारखी वाकले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ होती, वरून काहीच येत नव्हतं. पण खालचं पाणी पांढरं लखलखत होतं आणि त्याचा उजेड थेट हनुवटीखाली येत होता. वीस वर्षं माझी आई त्या उजेडावर तोंड धरून उभी होती. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना.

मॅडमच्या मागे लागून मी सनस्क्रीन आणलं. पहिली ट्यूब मालकांनीच पुढे केली. गुलाबी खोका, त्यावर एक गोरी बाई आणि मोठा आकडा. आठ दिवस झाले, आईचं पुरळ तसंच. मी तणतणत मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लावते कधी?" मला माहीत नव्हतं. घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, "निजताना. टीव्हीवर बाया रातचीच लावत्यात की. सकाळी साबनानं सोच्छ धुते आन् मंग जाते रानात." शिवाय ती हरभऱ्याच्या डाळीएवढं घ्यायची, कारण चांगली वस्तू पुरवून वापरायची असते. आईला हसावं की आपल्याला, मला ठरवता येईना. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे क्रीम रूप खुलवायचं नसून ऊन अडवायचं आहे. खोक्यावरही ते कुठे लिहिलं होतं? तिथे तर फक्त उजळपणाच्या गोष्टी होत्या.

मग आई सकाळी लावू लागली. तरी चार दिवसांत हातांना खाज आलीच. तेव्हा मॅडमनी मला ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायला शिकवलं. म्हणाल्या, हा मोठा आकडा फक्त भाजण्यापासून किती राखण होईल ते सांगतो. आत खोल जाणारा दुसरा किरण असतो, तो ढगातून, काचेतून कुठूनही येतो. त्याच्यासाठी यात काही आहे का ते बघ. नव्हतं. दुसरी आणली ती जेलसारखी, छान वासाची. पावसाच्या पहिल्या सरीत ती धुऊन आईच्या डोळ्यांत गेली आणि आईने मला बांधावरून जी शिवी घातली ती इथे लिहिता येणार नाही. तिसरी ट्यूब खालच्या फळीवर धूळ खात पडली होती. चित्र नाही, बाई नाही. आत जस्ताचं पांढरं घट्ट मलम. दोन्ही किरणांना अडवणारं आणि पाण्यात टिकणारं. मॅडम म्हणाल्या, "ही कोणी घेत नाही. लावल्यावर चेहरा भुतासारखा दिसतो. पण राखण हीच करेल. दोन बोटं भरून घ्यायची आणि दर दोन तासांनी पुन्हा. सोबत लांब बाह्याही पाहिजेत, नुसत्या मलमावर विसंबायचं नाही." मी ती घेतली. मालक म्हणाले, "अगं, ही कशाला? हिनं गोरं होत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच घेतेय." नोकरी त्याच दिवशी गेली नाही, पुढच्या महिन्यात गेली.

आजकाल पोरी मला विचारतात, काकू कुठलं चांगलं. मी त्यांना ब्रँड सांगत नाही. मागची बारीक अक्षरं वाच म्हणते, तुझं काम कुठं, घाम किती, पाणी किती ते बघ म्हणते, आणि ज्यावर गोरेपणाचा शब्द असेल ते परत फळीवर ठेव म्हणते. त्यांना वाटतं म्हातारी कडक आहे.

लावणीची पहिली पाळी चंद्राआत्यांची होती. मी दुकानातून रजा काढली. आई निघाली ती अण्णांचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालून, डोक्याला फडकं, आणि तोंड, मान, हनुवटीखालचा गळा असा पांढराफटक. वाटेवर पोरं थबकली. खाचरात बायकांच्या हसण्याला अंत राहिला नाही. "अगं बया, कोन ही? तमाशाला निगाली व्हय?" "चुना लावलाय जनू." आई खाचरात उतरली, रोपांची जुडी सोडली आणि वाकली. म्हणाली, "हसा. हात चालू ठेवून हसा, म्हंजे झालं." दोन तास बरे गेले. मग पुन्हा मलम लावायला मी बांधावरून हाक मारली, आणि आईनं पाय उचलला, तशी चंद्राआत्यांची मान वर झाली.

लावणीची ओळ सगळ्यांनी मिळून मागे सरकत जाते. एक बाई निघाली की तिथे खिंडार पडतं आणि दोन्ही बाजूच्यांना तिची जागा भरावी लागते. चंद्राआत्या म्हणाल्या, "हे चालायचं न्हाई. दर घटकंला बांधावर जाऊन थोबाड रंगवनारी बाई सावडीला नगं. पाय काढलास तर उद्यापास्नं येऊ नगंस." आई तशीच उभी राहिली. तिचा एक पाय चिखलात आणि एक वर होता. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हिला कधी कुणापुढे अडलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सहन झालं नाही. सलवार गुडघ्यावर खोचून मी खाचरात उतरले. पहिल्याच पावलाला चंद्राआत्या ओरडल्या, कारण मी लावलेल्या रोपांतून निघाले होते. मागे फिरले, ओळीच्या पाठीमागे न लावलेल्या चिखलातून आले आणि आईच्या मागे उभी राहिले. म्हटलं, "आत्या, हिचा पाय निघनार न्हाई आन् हातबी थांबनार न्हाई. ओळ मोडली तर मला बोला." पंच्यानं आईचं तोंड टिपलं, दोन बोटं भरून मलम घेतलं आणि मागून हात घालून तिच्या गालांना, हनुवटीखाली, गळ्याला चोळलं. आई वाकलेलीच होती. तिचे हात चिखलात रोपं खोवत होते, माझे तिच्या तोंडावर फिरत होते, आणि आम्ही दोघी एक एक पाऊल मागे सरकत होतो. चंद्राआत्यांनी पुढची जुडी सोडली. मग म्हणाल्या, "पोरगी लई आगाव हाय तुजी." आई म्हणाली, "व्हय. हायच."

असे सात दिवस, सात खाचरं. आईनं एकही पाळी चुकवली नाही. डाव्या मनगटावर, जिथे सदऱ्याची बाही वर सरकायची, तिथे थोडं उठलं. बाकी अंग साफ राहिलं. रोज दुपारी बांधावर बसून भाकरीबरोबर खेकड्याचं कालवण खाताना मी तिची मान तपासायची आणि ती वैतागून म्हणायची, "जेवू दे मला. मी काय बाजारातली म्हस हाय?" आठवा दिवस आमचा होता.

त्या सकाळी कुणी आलं नाही. चिखलणी होऊन खाचर तयार, रोपांच्या जुड्या बांधावर, आणि आम्ही दोघीच. मी आळीत जाऊन आले तेव्हा कळलं. आदल्या दिवशी बाळूकाका गिरणीवर बोलले होते, की वहिनीचं दुखणं लागट आहे, एकीचं दुसरीला होतं, म्हणून तर ती अंगाला फासून झाकते. एका चिखलात उतरायला बायका भ्यायल्या होत्या. मी रडायला लागले, रागानंच. आई रडली नाही. ती ओढ्यावर गेली, तोंड घासून घासून धुतलं, मलमाचा कणही ठेवला नाही, सदरा काढून नुसत्या झंपरावर पदर घेतला आणि उघड्या हातांनी आळीत निघाली. मी मागे ट्यूब घेऊन धावत होते, आई, लाव, उजेड हाय म्हणत. तिने ऐकलं नाही. चंद्राआत्यांच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "भाईर या. बघा. हात लावून बघा. कुटं हाय लागट? झाकायला लावत न्हवते मी, कामाला येता यावं म्हनून लावत हुते. तुमच्या सात खाचरांत वाकले मी. हसलासा, ते गिळलं. आता माज्या खाचरात यायचं नसंल तर तसं तोंडानं सांगा, दार लावून घेऊ नगा." मग एकेका दारात तेच. आवाज चढला नाही की शब्द बदलला नाही. चंद्राआत्यांनी तिचा हात धरून उलटासुलटा पाहिला, मनगटावरच्या लाल ठिपक्यांवर बोट फिरवलं, तेच बोट आपल्या पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "चल. ऊन चढाया लागलंय. त्ये तुजं पांडरं लाव आदी."

अकराच्या सुमाराला ओळ खाचराच्या मध्यावर आली होती. आई मधोमध, पांढऱ्या तोंडाची. तेवढ्यात बांधावर बाळूकाका दिसले आणि त्यांच्याबरोबर बूट घातलेला एक माणूस, बगलेत नकाशाची गुंडाळी. काका त्याला पडीक खाचर दाखवायला घेऊन आले होते. ते बांधावरच थांबले. "वैनी," ते म्हणाले. आईनं मान वर केली. "भाऊजी, लागट हाय. लांबनंच बोला." बायका अशा हसल्या की बूटवाल्यानं गुंडाळी या बगलेतून त्या बगलेत घेतली.

अण्णा रात्रपाळी करून आले होते आणि झोपायच्या ऐवजी, का कोण जाणे, रानात आले होते. कारखान्याच्या खाकी कपड्यांत ते ओढ्याकडच्या कडेला केव्हाचे उभे होते, आम्ही पाहिलंच नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि बांधावरच्या रोपांच्या चार जुड्या दोन्ही हातांत घेऊन चिखलात उतरले. माझ्या आठवणीत पुरुषांनी चिखलणी करायची आणि लावणी बायकांनी, असंच होतं. त्यांनी आईच्या हाताशी एक जुडी टाकली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग भावाकडे वळले.

"बाळू," ते म्हणाले, "लावनी झाली."

अजून निम्मं खाचर बाकी होतं.